विमलबाईंचा बसलेला गळा

सोनाळ्यात गाणारी बाई पहिल्या शब्दाला कधी गात नाही. दोनतीनदा नाही म्हणायचं, आग्रह झाला की पदर सावरून सुरू करायचं. विमलबाईंचा जन्म याच रीतीत गेला. म्हणून मागच्या दिवाळीत पुण्यात वाढलेली पुतणी अर्पिता रेकॉर्डिंगसाठी मोबाईल पुढे धरून म्हणाली, "मोठी काकू, कापूस वेचतानाच्या ओव्या म्हण ना," तेव्हा त्या म्हणाल्या, "नाही वं पोरी, माया गळा बसला."

पोरीला ते खरंच वाटलं. ती विमलबाईंच्या धाकट्या जावेकडे, पुष्पाबाईकडे वळली. पुष्पाबाईनं निवडायची मेथीही खाली ठेवली नाही, लगेच गायली. अन् या ओव्या तिला शिकवल्या कोणी? ती नवी नवरी होती तेव्हा विमलबाईंनीच, वावरात.

आता अर्पिताचा पहिला अल्बम आला होता. गाणी तिनंच लिहिलेली, चालीही तिच्याच. ओसरीवर बायका जमवून तिनं स्पीकर लावला. "हे जॅझ. अन् हे ब्लूज, अमेरिकेत कापसाच्या शेतात राबणाऱ्या काळ्या मजुरांच्या दुःखातून आलेलं."

"म्हंजे आपल्यावानीच," शेजारच्या रुक्मिणीबाई म्हणाल्या.

गिटार वाजली, ट्रम्पेट रडल्यासारखा वाजला, अन् मधूनच पुष्पाबाईचा आवाज आला, दिवाळीतल्याच ओव्या म्हणणारा.

"पुष्पे, तू तं पुण्या-मुंबईले पोचली वं!" बायका म्हणाल्या.

विमलबाईंना ते बघवेना. त्यांनी मनात गजानन महाराजांचं नाव घेतलं, पण आज तेही गोड लागेना. कान मात्र गाण्यातच होते, कुठं चुकते ते धरायला. अन् सापडलं.

"तिसरी ओवी कुठं गेली? गिळली काय हिनं?"

"कोणती, काकू?"

"फुटलं कापसाचं बोंड, शेत सारं हासे. मायविना माहेराची वाट कोन पुसे."

पुष्पाबाई खाली बघत म्हणाली, "थे तुमची हाय, बाई. माय वारली तवा तुम्ही रचली. म्या कशी म्हणू?"

विमलबाई मनातल्या मनात चरफडल्या. म्हणजे चांगुलपणातही हीच पुढं! रागवायची सोयसुद्धा ठेवली नाही.

"मग तू म्हणतेस, काकू?" अर्पितानं विचारलं. एकदाच.

विमलबाईंनी पदरही सावरला नाही, लगेच सुरू केलं. पुष्पाबाईनं सवयीनं मागून सूर धरला, तशी त्यांनी गाता गाताच हात वर करून तिला थांबवलं.