सून जिन्यात बसली तेव्हा

पोरीची मान मागं पडली, डोळे पांढरे झाले, आणि तिची आई दाराबाहेर जिन्यात बसून राहिली. आत यायला तयार नाही.

"अगं, उचल तिला!" मी ओरडले.

"नगा बोलवू आत्या. मला अडचण हाय. सावली पडली तर डोळे जातील तिचे."

"डोळ्यांचं नंतर बघू. पोरगी चाललीय."

माझी सून कठडा धरून रडत होती, पण पायरीवरून उठत नव्हती. दारात माझी लेक उभी, हातात कडुलिंबाचा डहाळा. तीही हलेना.

"दवाखाना नाय म्हणजे नाय," लेक म्हणाली. "मरीमाय अंगात असताना सुई टोचली तर ती कोपती. आई, तू कधी मानलंच नाय, तुला काय कळणार?"

नातीला गोवर निघाला होता. पाच वर्षांची पोर. झटका आला तसा गेलाही, पण मग ती ओल्या फडक्यासारखी पडून राहिली. हाक मारली तर ओ नाही. मी स्वतः उचलून नेलं असतं. पण माझे गुडघे गेलेत आणि आम्ही मुकुंदवाडीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. रिकाम्या हातांनीसुद्धा मी कठडा धरून एकेक पाय टाकत उतरते. मुलगा, म्हणजे पोरीचा बाप, चितेगावला कंपनीत गेलेला. तिथं मोबाईल गेटवर काढून घेतात. दाराला कडुलिंब बांधलेला बघून शेजारपाजारचं कुणी वर फिरकत नव्हतं.

आमच्या लोकांत गोवराला आजार म्हणत नाहीत. मरीमाय लेकराच्या अंगात मुक्कामाला आली, असं म्हणतात. ती आहे तोवर घरात फोडणी द्यायची नाही, लेकराला कडुलिंबाच्या पाण्यानं पुसायचं, डॉक्टर करायचा नाही. आणि विटाळशी बाईनं जवळ जायचं नाही. गेली तर देवी लेकराचे डोळे घेते.

मी चौथी शिकले. लहानपण मेंढरांमागं गेलं. दिवाळी झाली की आमचा बाप मेंढरं घेऊन निघायचा आणि सगळं बिऱ्हाड मागून चालायचं. चालत्या बिऱ्हाडात बाजूला बसायला जागा नसते आणि मेंढरं कुणासाठी थांबत नाहीत. माझी आई, माझ्या चुलत्या, कुणाला कधी अडचण आली ते कळायचंही नाही. भाकरी त्यांनीच थापायच्या, कोकरं त्यांनीच उचलायची. लग्न होऊन फुलंब्रीकडं शेतीवाल्या घरात आले. तिथं गोठा होता, पडवी होती, मागचं दार होतं. पहिल्याच महिन्यात मला गोठ्यात पोतं टाकून बसवलं आणि पाणी वरून ओतून प्यायला दिलं. मला राग आला नाही, नवल वाटलं. घर जेवढं मोठं तेवढा विटाळ मोठा, हे मला तेव्हाच कळलं.

पुढं शहरात दोन खोल्यांत आलो. इथं बाजूला बसायचं म्हटलं तर संडासात बसावं लागेल. मग देवाच्या फळीला हात लावायचा नाही आणि लोणच्याच्या बरणीला लावायचा नाही, एवढ्यावर सगळं आलं. सून "डेट आली" म्हणायची आणि भाकरी करायला बसायची. मी त्यावर कधी बोलले नाही. बोलायला होतं काय त्यात?

गोवर आला आणि गेलेलं सगळं परत आलं.

लेक फुलंब्रीहून मदतीला आली होती. तिच्याबद्दल आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर ती दुष्ट वाटेल. तिच्या थोरल्या पोराला लहानपणी गोवर निघाला तेव्हा तिला अडचण होती. तरी ती त्याला मांडीवर घेऊन बसली. पोर वाचलं, पण एका डोळ्यात फूल पडलं आणि तो डोळा गेला. सासरच्यांनी ते तिच्या माथी मारलं. तिची सासू मरेपर्यंत आल्यागेल्याला सांगायची, "हिनं खाल्ला डोळा." तो पोरगा आता बाप्या झालाय, सिल्लोडला मक्याच्या आडतीवर कामाला आहे. त्याला डोळ्याचं काही वाटत नाही. लेकीला वाटतं.

ती आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मोरीतल्या कचऱ्याच्या बादलीत तिला कागदात गुंडाळलेली पुडी दिसली.

"वहिनी, हे कधीपासून?"

आदल्या दिवसापासून तिला अडचण होती आणि ती कुणाला न सांगता पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. त्याच सकाळी पोरीचे डोळे चिपडांनी चिकटले होते, उघडत नव्हते. लेकीनं आरडाओरडा केला नाही. फक्त म्हणाली, "मी बी अशीच घेऊन बसले होते."

एवढं पुरलं. सुनेला कुणी हाकललं नाही. ती आपणहून उठली, चटई घेतली आणि जिन्यात जाऊन बसली.

"येडी का खुळी तू?" मी म्हणाले. "बारावी शिकलीस ना?"

"शिकले म्हणून काय झालं, आत्या? खरं निघालं तर?"

मी काही देवीशी बोलून आले नव्हते.

आमच्या पोरीची एक खोड होती. तिला खायला-प्यायला आईचाच हात लागायचा. मी चमचा पुढं केला की तोंड फिरवायची, माझ्या लेकीनं केला की दात आवळायची. सून जिन्यातून म्हणायची, "पी गं राणी, पी," आणि पोरगी चिकटलेल्या डोळ्यांनी आवाजाकडं मान वळवायची. पाणी हनुवटीवरून खाली जायचं. मुलगा कामावरून आला, त्यानं बायकोकडं बघितलं, बहिणीकडं बघितलं, "आक्काला जास्त कळतं" म्हणाला आणि जेवायला बसला. मी त्याला चार शब्द बोलले. त्यानं ते खाली मान घालून ऐकले आणि सकाळी परत कामाला गेला.

त्याच दुपारी तो झटका आला.

माझं दोघीही ऐकणार नव्हत्या, कारण मी मानणारी नाही हे दोघींना ठाऊक. त्या कुणाचं ऐकणार, तेही उघड होतं.

माझ्या एका चुलतीच्या अंगात यायचं. कसं येतं ते मी लहानपणी जवळून बघितलेलं. मी अंबाडा सोडला, डोळे मिटले आणि घुमायला लागले. गुडघ्यांमुळं खाली बसता येईना, म्हणून लोखंडी कपाटाला पाठ टेकून उभ्यानंच घुमले. कपाट धाडधाड वाजायला लागलं, त्याचा उपयोगच झाला. भीती होती ती कवळीची. हुंकार देताना वरची कवळी सुटली असती तर देवी तिथंच संपली असती. ती जिभेनं दाबून धरली, म्हणून आवाज जाड निघाला.

लेकीच्या हातातला डहाळा खाली पडला. "कोण? कोण आलंय?"

"वळखलं नाय व्हय? तुमच्याच घरात मुक्कामाला हाय आन् मलाच इचारती कोण!"

लेकीनं पदर पसरला. "चुकलं, मरीमाय. काय पायजे तुला?"

"जायचंय मला. पोरीला तिची आई कडेवर घेईल, तवाच जाईन."

"तिला विटाळ हाय गं, माय!"

"मी कुणाच्या विटाळानं आले नाय आन् कुणाच्या विटाळानं कोपत नाय. उठव तिला."

माझीच लेक ती, डोकं चालतं तिचं. "कुठं जायचंय तुला?"

"दवाखान्यात."

"दवाखाना कसा चालंल तुला, मरीमाय?"

याचा मी विचारच केला नव्हता. तोंडाला आलं ते बोलले. "लई आग झालीय माझी. गार पाणी पायजे. तिथं नळीनं गार पाणी देत्यात."

हे तिला पटलं. देवीला गारवा लागतो, दहीभात लागतो, हे तिला तिच्या सासूनंच शिकवलेलं. ती जिन्याकडं वळली. "वहिनी, ये आत. तिनंच बोलावलंय तुला."

सून आली ती धावतच. पोरीला उचललं, पदरात गुंडाळलं आणि अनवाणीच जिना उतरली. लेक रिक्षा थांबवायला तिच्यापुढं पळाली. माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. मी अंबाडा बांधला, पाण्याची बाटली घेतली, दाराला कडी लावली आणि एकेक पायरी उतरले. देवी इतक्या लवकर अंगातून गेली कशी, असं कुणी विचारलं नाही.

"बैठो अम्मा, पकड़ के बैठो," रिक्षावाला म्हणाला.

"दादा, सांभाळून चालव," लेक त्याला म्हणाली. "देवीला घेऊन चाललोय."

त्यानं आरशात पोरीकडं बघितलं. "हौ," म्हणाला आणि खड्डे चुकवत रिक्षा पळवली.

रिक्षात सुनेनं पदराचं टोक बाटलीत भिजवून पोरीच्या ओठाला लावलं. पोरीनं ते चोखलं. परत भिजवलं, परत चोखलं. मी चमच्यानं इतकं करून जे झालं नव्हतं, ते दोन चौक जाईपर्यंत झालं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होती. पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून तिनं सोडली आणि कातडी तशीच उभी राहिली. "अंगातलं पाणी आटलंय," ती म्हणाली. "छातीत कफही भरलाय. शेवटचं पाणी कधी प्यायली?"

कुणाला सांगता येईना.

"आई कोण हिची?"

सून पुढं झाली.

"तुम्ही कुठं होतात?"

"बाहेर."

"म्हणजे गावाला?"

"नाय. जिन्यात."

डॉक्टरीणबाई सलाईनच्या तयारीला लागली. बाटली टांगली, नळीतून थेंब पडायला लागले, तशी लेकीनं बाटलीला हात जोडले. "मावशी," नर्स म्हणाली, "देवाचा फोटो तिकडं भिंतीवर आहे."

नंतर पोरीच्या तोंडात औषधाचे थेंब घातले. लेकीनं विचारलं, हे कशाचं. डॉक्टरीणबाई म्हणाली, "अ जीवनसत्त्वाचा डोस. गोवरात डोळे अधू होतात, ते होऊ नयेत म्हणून."

"हा दिला तर फूल पडत नाय?"

"वेळेवर दिला तर सहसा नाही पडत."

थेंबांची रिकामी बाटली ट्रेमध्ये पडली होती, लेक तिच्याकडं बघत राहिली.

दोन-तीन दिवसांनी पोरगी उठून बसली. मला भात नको, बिस्किट पाहिजे, म्हणून रडायला लागली. मी आणि लेक बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसलो होतो. लेक बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत होती.

"आई, एक विचारू?"

"विचार."

"मरीमायनं वहिनीला आत बोलावलं. विटाळ असून बोलावलं. मग माझ्या येळंला का नाय बोलली ती? मी बी रडतच होते."

खरं कुणाला सांगायचं नाही, असं मी ठरवलं होतं. काम झालं होतं, पोरगी सुधारत होती, झाकली मूठ तशीच राहू द्यावी असा विचार. पण लेकीनं हे विचारल्यावर गप्प बसणं जमलं नाही. देवीनं भावजयीचं लेकरू राखलं आणि माझं टाकलं, हे डोक्यात घेऊन ती फुलंब्रीला गेली असती आणि तिथं म्हातारी झाली असती.

मी तोंडातली वरची कवळी काढली आणि तिच्यापुढं धरली. "ही पडेल म्हणून जीभ दाबून बोलत होते," मी बोबड्या तोंडानं म्हणाले. "कुणी आलं नव्हतं. मीच होते."

तिनं कवळीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"नाटक केलंस?"

"व्हय."

"पाप लागंल तुला."

"लागू दे."

"आन् ते गार पाणी?"

"तोंडाला आलं ते बोलले."

तिला हसू आलं होतं, पण तिनं ते दाबलं. मग तोंड फिरवून बसली. तशीच म्हणाली, "म्हणजे ती हिच्या येळंला बी नाय बोलली."

"नाय."

"मग माझ्यावरच राग होता तिचा, असं नाय."

"तुझ्या पोराला थेंब मिळाले नाहीत. तुझ्या मांडीचा काही संबंध नाही. डॉक्टरीण काय बोलली ते तू माझ्याआधी ऐकलंस."

"सासू असती तर तिला आणून ऐकवलं असतं," ती म्हणाली. संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मग चहा घेऊन आली आणि कानाशी येऊन म्हणाली, "वहिनीला नको सांगू. परत जिन्यात जाऊन बसंल ती."

म्हणून सुनेला सांगितलं नाही. घरी आल्यावर खालच्या मजल्यावरची एक बाई नारळ घेऊन वर आली. तिच्या सुनेला मूल होत नव्हतं, देवीला विचारायचं होतं. मी म्हणाले, देवी गेली, पत्ता ठेवला नाही. नारळ परत दिला.

सून अजून अडचणीच्या दिवसांत लोणच्याच्या बरणीला हात लावत नाही. मी म्हणते, लावू नको, मी काढून देते. पण पोरगी आजारी पडली की सून तिला जवळ घेते, अडचण असो की नसो, कारण मरीमायनंच तसं सांगितलंय. आता मी हे लिहिलं म्हणजे ती वाचणार. वाचू दे. पोरगी तिसरीला गेलीय आणि पाणी स्वतःच्या हातानं पिते.

तिचे दोन्ही डोळे शाबूत आहेत. त्या दुपारी घरात आम्ही चौघी होतो, नात, सून, लेक आणि मी. चौघीही जगलो.