कोणती लाईन?

उज्वलाला वीज कंपनीत नोकरी मिळाली, तेव्हा तिच्या आईनं, सिंधुबाईनं, मुरुडच्या अख्ख्या गल्लीत सांगितलं, "पोरगी लाईनला लागली." आणि पोरगी खरंच लाईनवर गेली. अर्धापूरला, खांबावर. तेव्हापासून रोज दुपारी आईचा फोन. लागला नाही तर, "तुझी लाईनच लागंना बघ," म्हणून जीव खालीवर.

उज्वला या शब्दाला हसायची. शाळेत लाईनीत उभं राहिलो, वहीत लाईनी मारल्या, कॉलेजात पोरांनी लाईन मारली. एक शब्द, किती ठिकाणी राबतो बिचारा. कामावर मात्र ती त्याला जवळ फिरकू देत नसे. तिथं 'करंट' म्हणायचं, नाहीतर 'तार'. जोडीदार मल्लेश चिडवायचा, "मॅडम, व्याकरणाच्या मास्तरीण व्हायच्या, चुकून हिकडं आल्या."

त्या दिवशी वैजनाथकाकांच्या केळीत तार जळाली होती. खांबाच्या बुडाशी ठिबकच्या पाण्यानं चिखल झालेला.

"काका, आधी हे पाणी बंद करा. शिडी घसरती."

काका केळीत शिरले. मल्लेश करंट बंद करायला बांधापल्याडच्या डीपीच्या पेटीकडं गेला. केळी डोक्याच्या वर गेलेली, कुणी कुणाला दिसेना. उज्वलानं पट्टा आवळला, शिडी टेकवली, पहिल्या पायरीवर पाय ठेवून अंदाज घेतला.

पानांतून आवाज आला, "लाईन बंद केली बरं का."

"कोणती लाईन?"

"आता लाईन म्हणलं न्हवं का."

"काका, कोणती?"

"ठिबकची. तूच म्हणलीस की बाई."

उज्वलानं पाय खाली घेतला. तेवढ्यात मल्लेश घाम पुसत आला. "डीपीचं कुलूपच उघडंना, गंज चढलाय. तेल हाय का काका?"

म्हणजे डोक्यावरच्या तारेत करंट अजून वाहत होता. काका लगबगीनं केळीतून बाहेर आले. "माझ्या तोंडानं जीव गेला असता गं तुझा."

"न्हाई गेला असता," ती शांतपणे म्हणाली. "फ्यूज हातात आल्याबिगर मी चढत न्हाई. कुणी कायबी म्हणू द्या."

तेल पडलं, कुलूप निघालं. मल्लेश डीपीतले तीन फ्यूज काढून रुमालात बांधून घेऊन आला. तिनं ते मोजून स्वतःच्या खिशात घातले, टेस्टर लावून तार तपासली आणि मग चढली. ती वर असताना फोन वाजून वाजून थांबला.

काम संपवून खाली उतरल्यावर तिनंच आईला लावला.

"वर होते गं."

"आन् लाईन?" सिंधुबाईनं दबक्या आवाजात विचारलं. "लाईन कुठं होती तवा?"

उज्वलानं खिसा चाचपला.

"माझ्या खिशात, आई."

मग सिंधुबाई म्हणाली, "बरं. जेवून घे आता."