कांद्याच्या जाळीचे खवले

"हात थरथरतोय गड्या तुजा. आता रंगकाम कशाला? कॉम्प्रेसर मला देऊन टाक की," मामाचा मित्र शेडच्या दारात म्हणाला. मामा नुसता हसला.

सांगलीला मामाकडे राहायला आल्यापासून मी गळाला लावायचे लाकडी मासे कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणाऱ्या एअरब्रशनं रंगवायला शिकत होते. कांद्याच्या पिशवीची जाळी माशावर ताणून बसवायची आणि वरून रंगाचा हलका फवारा मारायचा. जाळी काढली की खवले उमटतात. मी दर वेळी घाईनं जाळी काढायचे आणि खवले फिसकटायचे. मामा रागवायचा नाही. "परत," एवढंच म्हणायचा.

त्या सकाळी मात्र मी रंग वाळेपर्यंत थांबले होते. तो मासा तारेवर टांगलेला होता. मित्रानं तो काढून उजेडात फिरवला. "ह्यो शेवटचा व्हय तुजा? लय भारी झालाय."

मामानं माझ्याकडे बघितलं. एरवी पाहुणे आले की मी आत निघून जाते. आज तिथंच थांबले.

"तो मी रंगवलाय, काका," मी म्हणाले. "कॉम्प्रेसर आम्हाला लागणार आहे."