विलायत बोलत होती, आम्ही जेवत होतो

सोळाव्या वर्षी मला इंग्रजी येत होतं. म्हणजे असा माझा समज होता. बार्शीला माहेरी मी इंग्रजी पाचवीपर्यंत शिकले, स्पेलिंगं घडाघडा म्हणायचे, आणि एवढ्या भांडवलावर सोलापुरात सून होऊन आले. नाक इतकं वर, की गृहप्रवेशालाच उंबऱ्याला ठेच लागली. पायाचं नख गेलं, नाक तिथंच राहिलं.

सासरे वकील. त्यांना मी मामंजी म्हणायचे. नवरा पुण्याला कायदा शिकत होता, त्यामुळे घरात आम्ही तिघंच: मामंजी, सासूबाई आणि मी. मला मॅट्रिकला बसायचं होतं. घरी अभ्यास करून, बाहेरून. तीनदा विचारलं, तिन्ही वेळा मामंजी म्हणाले, "बघू." वकिलाचं 'बघू' म्हणजे पुढची तारीख. माझ्या मैत्रिणी एवढ्यावर गप्प बसल्या असत्या. मी बसले नाही, कारण मी शहाणी होते असं नव्हे, तर मला गप्प बसणं जमतच नव्हतं.

त्याच सुमाराला मामंजींनी मुंबईहून रेडिओ आणला. गच्चीवर दोन बांबू रोवून तार ताणली. दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी तिच्यावर लुगडं वाळत घातलं, त्यावरून घरात केवढं रामायण झालं. संध्याकाळी आठाच्या पुढं त्या खोक्यातून विलायतेचे कार्यक्रम ऐकू यायचे. तेव्हा टीव्ही नव्हता हे आता नातीला समजावून सांगावं लागतं. ती विचारते, मग तुम्ही सगळे बघत काय होता? खोक्याकडेच बघत होतो, बाई. तासन्‌तास.

मामंजींनी गिरणीतल्या गोऱ्या इंजिनियरला आणि त्याच्या मडमेला एका संध्याकाळी विलायत ऐकायला बोलावलं. हे म्हणजे करकंब गावच्या माणसाला करकंबची भाकरी खायला सोलापूरला बोलावण्यासारखं होतं, पण मामंजींना साहेबावर छाप पाडायची होती. त्या दिवशी सकाळी मी चौथ्यांदा विषय काढला. ते खुशीत होते. म्हणाले, "असं कर. आज विलायत काय बोलते ते ऐक आणि उद्या मला सांग. सांगितलंस, तर मॅट्रिकच्या अर्जावर सही करतो."

मी मनात मॅट्रिक पास होऊन मोकळीही झाले.

संध्याकाळी पुरुष आणि मडम बैठकीत, आम्ही बायका माजघरात, मधे पडदा. शेजारची काकू पण आली होती. तिच्या घरी हातमाग, घरात तेलुगू बोलायचे, आमच्याशी मराठी. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे तिचं बसणं-जेवणं आमच्यापासून हातभर लांब, आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, हेही लिहून ठेवते. स्वतःला हसायचं तर सगळीकडेच हसावं.

खोकं आधी खरखरलं, मग शिट्टी वाजली, मग एक माणूस बोलायला लागला. मला एक अक्षर कळलं नाही. माझ्या धड्यांतले लोक सावकाश बोलायचे, हा माणूस तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा बोलत होता.

"काय म्हणतंय गं ते?" काकूनं विचारलं.

मी म्हटलं, पाऊस पडतोय तिकडे. ती खरखर ऐकू येते ना, तोच पाऊस.

सासूबाईंनी कान दिला. खरखर काही थांबेना. "आणि हे लोक वाळवणं कधी घालतात?" त्यांनी विचारलं. काकू म्हणाली, आपल्याकडं ढग नुसतं तोंड दाखवून जातंय, आणि तिकडं बघा, लई माज आलाय पावसाला. मग बँड वाजला, तेव्हा मी लग्नाची वरात काढली. एक बाई बोलली, तिला मी नवरीची आई केलं. ती फार वेळ बोलली, म्हणून वरपक्षाशी भांडण लावून दिलं. दोघी अगदी रंगून ऐकत होत्या. विलायतेतही मानपान चुकत नाही म्हणून सासूबाईंना फार बरं वाटलं.

मला मात्र सकाळची अट आठवली. उद्या मामंजींना वरात आणि पाऊस सांगायचा की काय?

म्हणून मी पडद्याच्या फटीतून बैठकीत पाहिलं. खोक्यात कोणीतरी काहीतरी बोललं, साहेब हसला. मग मडम हसली. मग, चांगला दम खाऊन, मामंजी हसले. पुन्हा तसंच. साहेबाचं हसू झालं की मामंजींचं सुरू. माजघरात मी सांगितल्यावर काकू हसायची, तसे ते बैठकीत हसत होते. कोर्टात इंग्रजी गाजवणारा माणूस, आणि त्यालाही ते खोकं कळत नव्हतं. माझा जीव जरा खाली आला. थोडा शेफारलाही.

इकडे सासूबाईंचा धीर सुटला. विलायत संपेपर्यंत थांबलो तर भाताचा लगदा होईल, म्हणून त्यांनी पानं घेतली. कडक भाकरी, वरणभात, शेंगाची चटणी आणि पाहुणे आले म्हणून शेंगापोळी. आम्ही बसलो, पहिला घास घेतला, तेवढ्यात मडमेला घरातल्या बायका बघायची हौस आली. पडदा बाजूला झाला. ती आमच्याकडे बघून गोड हसली. आम्ही तोंडात घास धरून तिच्याकडे बघितलं.

आणि खोक्यात विलायतेच्या राजाचं गाणं लागलं. साहेब ताडकन उभा राहिला. मडम उभी. मामंजी उभे, हात सरळ, पुतळ्यासारखे ताठ. त्यांनी मान वळवून आम्हाला दबक्या आवाजात सांगितलं, "उठा. सगळ्या उभ्या राहा."

काकूनं हात पानातून काढला. सासूबाईंनी एक गुडघा उचलला.

आमच्या घरात वाढलेल्या पानावरून उठायचं नाही हा नियम खुद्द मामंजींचा. एकदा ते जेवत असताना कोर्टाचा बेलिफ दारात उभा राहिला, तर त्याला ताक पिऊन होईस्तोवर ओसरीवर ताटकळत ठेवलं होतं. अन्नाचा अपमान होतो म्हणायचे. त्याच गावात काही वर्षांमागं डोक्यावर पांढरी गांधी टोपी घातली म्हणून पोरांनी पाठीवर काठ्या खाल्ल्या होत्या, तेही मला आठवलं. हे सगळं एकदम डोक्यात आलं असं मी आज म्हणते. खरं म्हणजे माझ्या पोळीवर तूप नुकतं पडलं होतं. पण उठायचं नाही, हे पक्कं होतं.

मी परक्या पुरुषासमोर, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. आयुष्यात पहिल्यांदा.

"आम्ही जेवतोय, मामंजी. वाढलेल्या पानावरून उठत नाहीत."

गाणं चालूच होतं. सासूबाईंचा गुडघा तसाच अधांतरी. त्यांनी मामंजींकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि गुडघा खाली टेकवला. मग भाताचं पातेलं काकूकडे सरकवून म्हणाल्या, "घ्या हो, लाजू नका." काकूनं वाढून घेतलं. राजाचं गाणं संपेपर्यंत आम्ही तिघी जेवत होतो, आणि मी तर मुद्दाम भाकरी मोडल्याचा आवाज करत होते.

साहेबाच्या कपाळाला आठी पडली. मडमेनं मामंजींना काहीतरी विचारलं. मामंजी गडबडले आणि म्हणाले, "प्रेयर, मॅडम. प्रेयर बिफोर फूड." मडमेनं भक्तिभावानं मान खाली घातली. काकूच्या गालात भात होता.

पाहुणे गेल्यावर मामंजींनी मला बोलावलं. आता सकाळपर्यंत थांबायची त्यांची तयारी नव्हती. आवाज कोर्टातला. म्हणाले, सांग, विलायत काय बोलली? आणि त्यांना ठाऊक होतं, मला सांगता येणार नाही.

पाऊस जिभेवर आला होता. मी तो गिळला.

"खोक्यातलं काहीच कळलं नाही," मी म्हटलं. "पण तुम्ही मडमेला काय सांगितलंत, ते सगळं कळलं."

सासूबाई दाराआडून हसल्या, ते मामंजींनीही ऐकलं. मग म्हणाले, अर्ज आण. सही केली, ऐटदार, इंग्रजीत. वर बजावलं, ते प्रार्थनेचं कुणाला सांगायचं नाही. ते होते तोवर मी सांगितलं नाही.

मॅट्रिकला मी नापास झाले. इंग्रजीतच. बातमी ऐकून मामंजींना फार बरं वाटलं असावं. झालं तेवढं पुरे म्हणाले, आता सही नाही. मी ठीक आहे म्हटलं आणि दुसऱ्या दिवसापासून दुपारी सासूबाईंना पाटीवर त्यांचं नाव गिरवायला बसवलं. त्यांना दोन महिने लागले. दुसऱ्या अर्जावर पालकाच्या जागी त्यांची सही आहे, मोडीही नाही आणि बाळबोधही नाही, रेघ सोडून वर चढलेली. कचेरीतला कारकून ती उलटसुलट करून बघत होता. मी त्याला म्हटलं, नीट वाचा, माझ्या सासूबाई आहेत त्या.