कागदाबाहेरची चिठ्ठी

माझं अक्षर वाकडं आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला नीट कळत नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली. चुकांची माफी असावी. हे कोणाला दाखवणार नाही, तरी माफी मागून ठेवते.

मॅडमनी माझी चिठ्ठी उचलली आणि कागदाच्या बाहेर, चपलांजवळ ठेवली. तिथून सुरू करते.

आमच्या बचत गटाची मिटिंग होती, ग्रामपंचायतीच्या खोलीत. राळेगावहून एक मॅडम शिकवायला आल्या होत्या. त्यांनी मोठा खाकी कागद जमिनीवर अंथरला. मधोमध गोल काढून त्यात ‘आपला गट’ लिहिलं. म्हणाल्या, गटाने काय करावं, गावात काय अडतं, प्रत्येकीने सांगा. जे सांगितलं ते त्या चिठ्ठीवर लिहीत. सारख्या चिठ्ठ्या जवळ ठेवत. एकीचा दुसरीशी संबंध असला की रेघ ओढत. मसाल्याचं मशीन. त्याला वीज. विजेला ग्रामपंचायत. शेळ्या. त्यांना कर्ज. कागद भरत चालला.

म्हातारी गिरजाबाई म्हणाली, “दारू बंद लिहा. नवरा बंद होत असन तं तेही लिहा.” सगळ्या हसल्या. मॅडमनी दारू लिहिली. तिलाही रेघ मिळाली.

मी दाराजवळ होते. खालच्या वस्तीतल्या आम्ही सतरंजीवर बसत नाही. कोणी मनाई करत नाही. सासू तिथंच बसायची, म्हणून मीही बसते. माझा नंबर आला तेव्हा आवाज निघेना. मॅडम वाकल्या. मी सांगितलं, आमच्या वस्तीत नळ नाही. वरच्या नळावर सगळ्यांचं झाल्यावर आम्हाला भरू देतात.

त्यांनी लिहिलं. मग विचारलं, “हे कशाला जोडायचं?”

गटाच्या अध्यक्ष काकू म्हणाल्या, “कशालेच नाही जोडत ते. ते त्या लोकायचं आहे. बाजूले ठेवा.”

मॅडमनी ठेवली. “नंतर पाहू,” म्हणाल्या. एक बाई उशिरा आली, तिचा पाय चिठ्ठीवर पडला. तिने मुद्दाम नाही केलं.

मला रडू आलं नाही. मी नुसती कागदाकडे पाहत होते. मसाल्याचं मशीन धुवायला पाणी लागतं. शेळ्यांना लागतं. त्या चिठ्ठ्यांना रेघा होत्या, माझ्या चिठ्ठीला नव्हती. इतकी वर्षं दाराजवळ बसले, काही वाटलं नाही. त्या दिवशी गाव कसं बसलं आहे ते वरून दिसलं.

शेवटी फोटो होता. सगळ्या कागदामागे उभ्या राहिल्या.

“ये वं, तू काहून बसली?” काकू म्हणाल्या.

“मी नाही येत.”

“काहून?”

“मी त्याच्यात नाही.”

एवढं मी आयुष्यात कोणासमोर बोलले नव्हते. काकू हसल्या. “गटाचे पैसे घेतानी बरी होती त्याच्यात.”

बाकीच्याही हसल्या. गिरजाबाईसुद्धा. नवऱ्याचा पाय मोडला तेव्हा मी गटातून कर्ज घेतलं होतं. हप्ते थकले होते. खोटं काही नव्हतं. मी मान खाली घातली, पण उठले नाही. फोटो माझ्याशिवाय निघाला.

घरी जाताना एकच ठरवलं. आधी पैसे. ते अंगावर आहेत तोवर माझं तोंड यांच्या हातात आहे.

बकरी विकली. पूर्ण हंगाम दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचला. बोंडांनी बोटं फाटली, त्याचंही काही वाटलं नाही. हप्ते जात राहिले. शेवटचे पैसे घेऊन काकूंच्या ओट्यावर गेले. पायरीवर नाही थांबले, वर गेले.

काकूंनी नोटा घेतल्या. “झाली बाप्पा मोकळी. सोडतं का गट आता?”

“नाही सोडत. मिटिंगले येतो. सतरंजीवर बसतो. तो कागद पुन्हा अंथरा. नळाची चिठ्ठी मी मधात ठेवतो.”

“अन् मी नाही म्हटलं तं?”

“तरी ठेवीन. गटानं नाही ऐकलं तं ग्रामसभेत बोलीन.”

मी ओट्यावरून हलले नाही.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग नोटा पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. पूर्ण होत्या.