कागदाची मागची बाजू

अफगाणिस्तानातल्या एका खेड्यात मी काही महिने बायकांना शिवणकाम शिकवत होते. सकाळी मशीन, दुपारी त्याच खोलीत अक्षरं. करीमच्या आईने पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं आणि लगेच कागद उलटून मागची बाजू बघितली.

आम्ही सगळ्या हसलो. ती मात्र गंभीर होती. जन्मभर भरतकाम केलेली बाई. टाका मागूनही स्वच्छ दिसला तरच काम चांगलं, हे तिच्या हातात मुरलेलं. पेन्सिल तिने इतकी दाबली होती, की अक्षरं मागे उमटली होती. त्यांवरून बोट फिरवून ती म्हणाली, "ठीक आहे."

तिथे परक्यांसमोर बाईचं नाव घेत नाहीत. तिला सगळे करीमची आईच म्हणत, मीसुद्धा. आमच्याकडे तरी काय वेगळं? माझ्या शेजारणीला मी वर्षानुवर्षं मिलिंदची आई म्हणत आले. सोयीचं असतं ते, आणि मला त्या सोयीचाच राग येतो.

मी निघणार होते, त्याच्या आदल्या दिवशी तिने करीमच्या लग्नाचा सदरा दाखवायला आणला. छातीवर नाजूक भरतकाम. मी सवयीने तो उलटला. गळ्याच्या आतल्या पट्टीवर बारीक टाक्यांत तिने स्वतःचं नाव लिहिलं होतं: शिरीन.

"बाहेरून दिसणार नाही हे," मी म्हटलं.

"नकोच दिसायला. धुताना सून सदरा उलटा करेलच की," ती म्हणाली. "वाचायला मी शिकवीन तिला."