शेंदराखालचा खिळा

भातकुलीहून दर्यापूरकडे जाताना पूर्णा आडवी येते. तिथली नाव माझ्या वडिलांची. नदीच्या मध्यात, वरच्या अंगाला, नांगर टाकलेला असे. त्याच्या लांब साखळीला बांधलेली नाव धारेच्या जोरावर या काठाहून त्या काठाला जाई. साखळी नावेला एका कडीने जोडलेली आणि कडीत एक आडवा खिळा. माणसं, बैल, कापसाचे बोरे, सगळ्यांचा भार त्या खिळ्यावर.

दसऱ्याला नावाडी त्या खिळ्याची पूजा करत, तेलात कालवलेला शेंदूर चढवत. वर्षानुवर्षांच्या थरांखाली लोखंड दिसेनासं झालं होतं. विलायतेला आमचा कापूस हवाहवासा झाल्यापासून नाव दुप्पट भरू लागली. खिळा मात्र कोणी पाहिला नव्हता. दिवाळीला ताई तान्ह्या लेकराला घेऊन पलीकडून येणार होती. मी म्हणालो, आधी शेंदूर खरडू.

थोरला नावाडी भडकला. "देवाले खरडतं का कोनी? मालक, पोट्टं सुधारकायची पत्रकं वाचून बिघडलं!"

वडील हसले. "काहून रे, तुया पत्रकात पूर्णा हाय का?"

"पूर्णा नाही, पन डोये उघडे ठेवा असं हाय," म्हणून मी विळा घेऊन बसलोच. शेंदराचे पापुद्रे निघाले. खाली खिळा मधोमध झिजून करंगळीएवढा बारीक उरला होता. वडिलांचं हसू थांबलं. त्यांनी नाव ओढून काठाला बांधायला लावली.

आम्ही अमरावतीला गेलो. बाजारात चकचकीत तयार खिळे होते. एक दगडावर ठेवून मी हातोडा घातला, तर तो वाकला. कापसाच्या गाठी आवळायच्या पट्ट्या वळून केलेला माल! दुकानदार म्हणाला, "घ्यायचा तर घ्या, लोक घेऊन राहिले." हेच लोक उद्या नदीत जातील, असं मी भर बाजारात ओरडून सांगितलं. कोणी वळूनही पाहिलं नाही. शेवटी वडिलांनी आमच्याच गाडीचा लोखंडी आख काढला आणि लोहाराकडून त्याचा खिळा घडवून घेतला. खिळा सरकून निघू नये म्हणून त्याच्या टोकाला भोक पाडून मी तांब्याची तार ओवली, पिळून घट्ट केली.

आता नावाडी अडले. "शेंदूर लावा, मंग नावेले हात लावू."

"नाही. लोखंड दिसलंच पायजे."

ते काठावर बसून राहिले. पलीकडे ताई लेकराला पदराखाली धरून उभी होती. वडिलांनी सुकाणू धरलं. मी खिळ्यापाशी बसलो. साखळी ताणली, करकरली. ताईला घेऊन येताना मधल्या धारेत नाव अशी खेचली गेली की ताईने डोळे मिटले. खिळा हलला नाही.

काठाला लागताच ताई पुढे आली, कपाळाचं कुंकू बोटावर घेतलं आणि उघड्या लोखंडावर टेकवलं. मला अडवता आलं नाही. थोरला नावाडी लगबगीने उठला आणि शेंदराची वाटी घेऊन आला.

मी खिळ्यावर हात ठेवला. "तिनं लावलं तेवढं पुरे. त्याच्यावर एकही थर नाही."

"किती दिवस बसशीन असा?" वडिलांनी विचारलं.

मी हात काढला नाही.